कडब्याच्या पाण्याचा वास

भाद्रपद लागला की कुणाच्या अंगात देवी येते, कुणाच्या अंगात वारं येतं. आमच्या ह्यांच्या अंगात डास येतो. लातुरात एका ज्युनिअर कॉलेजात हे जीवशास्त्र शिकवतात. वर्षाचे अकरा महिने माणूस एकदम सरळ, भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलणार नाही. पण गणपती उठले, ऊन-पाऊस लपाछपी खेळायला लागले, की एक दिवस सकाळी अंगणात बादली दिसते. बादलीत ज्वारीचा कडबा बारीक कापून भिजत घातलेला, वर ताट, ताटावर वरवंटा. काल ती दिसली. बारा वर्षं झाली, बादली तीच, वरवंटा तोच, आणि ताट माझ्या रुखवतातलं.

यंदा घरात एक माणूस नवीन आहे. माझी भाची ऋचा नांदेडहून अकरावीला इथं शिकायला आलीय. ती दात घासत अंगणात गेली आणि ब्रश तोंडात ठेवूनच परत पळत आली.

"आत्या, काय मेलंय तिथं?"

"मेलं काही न्हाई. जन्माला यायचंय," मी म्हटलं.

खरं म्हणजे त्या वासाला नाव ठेवायचा मला अधिकार नाही. माणसाच्या आयुष्यात मोगरा असतो, वाळा असतो, नव्या पुस्तकाचा वास असतो. सगळे असलेच वास सांगतात. माझ्या नशिबी आंबलेल्या कडब्याचं पाणी आलं, आणि मी त्याचं देणं लागते, हे मला मान्य करायला पाहिजे. आज भाकऱ्या थापता थापता तो वास खिडकीतून आत आला आणि मी थेट बारा वर्षं मागं गेले.

त्या वर्षी मला सातवा महिना होता. लग्नानंतर नऊ वर्षांनी. नवस झाले, डॉक्टर झाले, माहूरच्या रेणुकेला दोनदा जाऊन आलो, आणि सगळ्यांनी विषय सोडून दिल्यावर एकदाचं ते झालं. झालं तेव्हा माझं नाक मात्र पार बिघडलं. म्हणजे बंद नाही झालं, लई चालायला लागलं. गल्लीच्या तोंडाशी कुणी लसूण सोलला तरी मला इथं उमळून यायचं. ह्यांच्या खिशात खडू आहे की पेन, ते मी स्वयंपाकघरातून सांगायची. असं नाक घेऊन मी बसले होते आणि त्याच वर्षी ह्यांना कडबा भिजत घालायची बुद्धी झाली.

कारण होतं म्हणा. त्या साली आमच्या नळाला दहा दिवसांनी पाणी येई. लातूरकराला पाण्याबद्दल काही शिकवू नये. आमच्याकडं पाहुण्याला आधी अर्धा पेला पाणी देतात आणि तो पुरतो का ते बघतात. तरी आरोग्य खात्याच्या बाई घरोघर येऊन सांगायच्या, "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा." त्यावर आमच्या सासूबाई म्हणाल्या, "माय, आमचे नऊ दिवस कोरडेच असत्यात. दहाव्या दिवशी भरलेलं पाणी तुमच्या शब्दावर कोण ओतून देणार?" बाई बिचाऱ्या वहीत काहीतरी लिहून पुढं गेल्या. घरोघर पिंपं, टाक्या, हंडे, घागरी, अगदी चहाची किटलीसुद्धा भरलेली. डासांची चंगळ. गल्लीत दोन घरांत तापाची माणसं झोपली, तेव्हा ह्यांनी कंबर कसली.

तेलाचे रिकामे डबे आणले, बावीस. घरटी एक. डब्याला बाहेरून काळा रंग, आतून जुन्या धोतराची पट्टी, आणि तळाला ते कडब्याचं पाणी. रात्रंदिवस मला उपदेश. "अगं, पोटुशी डासीण पाणी बघून जात नाही, वासानं जाते. पाला कुजलेल्या पाण्याचा वास आला की तिला कळतं, इथं पिल्लांच्या खाण्याची सोय आहे. मग ती या पट्टीवर अंडी घालणार. दर शुक्रवारी आपण पट्टी काढून उकळत्या पाण्यात टाकायची. संपलं."

"आणि नर काय करतो?" मी विचारलं.

"नर काही करत नाही. फुलापानांचा रस पितो."

मी ह्यांच्या हातातल्या चहाच्या कपाकडं बघितलं. ह्यांना काही कळलं नाही, पुढं बोलतच होते. आधी कुण्या दुसरीनं तिथं अंडी घातली असतील तर हिला जास्त भरवसा वाटतो, जागा पारखलेली आहे म्हणून. पण फारच गर्दी दिसली तर ती आल्या पावली परत फिरते. आणि शहाणी इतकी, की सगळी अंडी एका ठिकाणी ठेवत नाही, थोडी इथं, थोडी तिथं.

सासूबाई शेंगा फोडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी बाळंतपणाला माहेर हुडकायली म्हण की डासीण."

आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी डाळीतले खडे बघायला लागले.

आता इथं सांगायला पाहिजे. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात सवाल नाही. सातव्या महिन्यात माहेराहून मुराळी येतो, म्हणजे लेकीला न्यायला घरचं माणूस येतं. ते सातव्यातच यावं लागतं, कारण एकदा आठवा लागला की कुणी घराबाहेर पाऊल टाकू देत नाही. माझं माहेर नांदेडला. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात वडील, म्हणजे आमचे अण्णा, धाकटा भाऊ, भावजय शीतल आणि त्यांची चिमुरडी ऋचा. सातवा संपायला पंधरा दिवस उरले होते आणि नांदेडहून कुणी 'ये' म्हणून म्हटलं नव्हतं.

सासूबाई रोज विचारायच्या, "आला का गं फोन?" मी म्हणायची, "येईल की." आणि आत जाऊन विनाकारण भांडी आपटायची.

इकडं डब्यांनी गल्ली वेडी केली. सुरुवातीला लोक हसले. "प्यायला पाण्याची बोंब, अन् सर डासांला पाणपोई घालून राहिले." पण ह्यांच्या हातून एक चूक झाली. लातुरात राहून असली चूक करायला नको होती. दर शुक्रवारी हे भिंग घेऊन प्रत्येक डब्यातल्या पट्टीवरची अंडी मोजायचे आणि लक्षात राहावं म्हणून त्या त्या घराच्या दारावर खडूनं आकडा लिहायचे.

लातुरात दारावर आकडा लिहिला, म्हणजे तो मार्कच की हो! इथं माणूस जन्माला आल्यावर वजनाआधी टक्के विचारतात. दुसऱ्या शुक्रवारी अख्खी गल्ली एकमेकांच्या दारांवर फिरून आली. कुणाला साठ, कुणाला पंच्याऐंशी. आणि आमच्या शेजारच्या चाचींना, ज्यांचं बांगड्यांचं दुकान आहे, त्यांना एकशे चाळीस. ह्यांना म्हणायचं होतं की त्या घराजवळ डास सगळ्यात जास्त आहेत, सांभाळा. चाचींनी वाटले पेढे.

"सर, हमारे कू पैला नंबर आया ना?" चाची दारात उभ्या, हातात पुडा.

"चाची, हे बरं नाही, तुमच्या बकरीच्या पाल्याच्या बादलीमुळं..."

"हौ, बकरी बी बहुत मेहनत की," चाची म्हणाल्या आणि एक पेढा माझ्या तोंडात कोंबला.

मग काय विचारता. समोरच्या निवृत्त मास्तरीणबाईंच्या डब्याला पंचावन्न पडले, तर त्या म्हणाल्या फेरतपासणी करा. एकीनं डब्यात ताक टाकलं. एकीनं गूळ. कोपऱ्यावरच्या घरात तर डब्याभोवती रांगोळी काढली होती, मी डोळ्यांनी बघितली. हे रोज संध्याकाळी डोकं धरून बसायचे. "अगं, कमी पडायला पाहिजेत! शेवटी शून्य पडायला पाहिजे!" पण लातुरात हे कुणाला पटवून द्यायचं?

शून्य फक्त एका घराला पडत होतं. आमच्या. चार शुक्रवार ओळीनं, भोपळा. सासूबाईंना गल्लीत तोंड दाखवायची चोरी झाली. "लोकांच्या घरी डासं येत्यात, आपल्याच घराला काय झालं? सराचंच घर, अन् सराच्याच घराला भोपळा!" हे बिचारे पट्टी भिंगाखाली उलटी करून बघायचे, सुलटी करून बघायचे. पाणी एकाच बादलीतलं, डबा तोच, कपडा तोच. वहीत एक प्रश्नचिन्ह काढलं, मग त्याच्याखाली दुसरं.

आमचा डबा माझ्या खिडकीखाली होता. दर शनिवारी हे कॉलेजात गेले की मी नाकाला पदर लावून ते पाणी मोरीत ओतायची, साधं पाणी भरायची आणि वर झाकणभर फिनेल. माझं नाक मला जिवानिशी मारायला निघालं होतं, मी काय करू? पण नुसतं नाक नव्हतं, हे आता कबूल करते. डब्यात कुणी यावंच असं मला वाटत नव्हतं. जगातल्या प्रत्येक पोटुशीला कुठं जायचं ते वासानं कळतं, अन् मला घ्यायला एक माणूस येत नाही. माझ्या खिडकीखाली कशाला मग कुणाचं माहेर? डासिणीवर जळणारी बाई तुम्ही बघितली नसेल. मी होते.

आणि माहेर का बोलवत नाही, ते मला ठाऊक होतं. आई गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत शीतलनं येसराची आमटी केली होती. येसर म्हणजे धान्यं भाजून, मसाला घालून दळलेलं पीठ. आमच्याकडं लग्नाकार्याला, सणाला त्याची आमटी लागतेच. आईची आमटी अख्ख्या गल्लीत नावाजलेली. शीतल माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पहाटेपासून राबली होती. पंगतीत सगळ्यांसमोर मी एक भुरका मारला आणि म्हटलं, "हे काही आईच्या हातचं नाही."

मला वाईट म्हणायचं नव्हतं. आई नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते आमटीचं. वाढायला पुढं आणलेली पळी शीतलनं तशीच मागं घेतली. तेव्हापासून फोनवर "बऱ्या हाव का आक्का?" "बरी हाय." एवढ्यावर बोलणं संपायचं. आता त्या तोंडानं मी तिला काय सांगू, मला न्यायला ये? मी नणंद, मोठी. माझं नाकही मोठं.

सातव्याचे पाच दिवस उरले. त्या दिवशी दुपारी वास अगदी कळसाला पोचला होता. ह्यांनी नवा कडबा घातलेला, ताट बाजूला सरकलेलं, वर कडक ऊन. चाचींची बकरीसुद्धा तोंड फिरवून उभी होती. मी ओव्याची पुरचुंडी नाकाशी धरून बसले होते, आणि दारात अण्णा.

एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बाळाची मच्छरदाणी. ती छत्रीसारखी उघडते ना, तसली, गुलाबी, झालरीची. नांदेडपासून एसटीत ती मांडीवर घेऊन आले होते. मी उठायच्या आत अण्णा अंगणातच थांबले. नाक वर केलं. मला वाटलं, आता रुमाल काढतील. सगळेच काढायचे. अण्णांनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

"गव्हाणीचा वास हाय हा," अण्णा म्हणाले. "पावसात भिजलेला कडबा. आपल्या गावाकडं, इस्लापूरच्या गोठ्यात अस्साच यायचा. तुझी माय पहाटे उठून झाडायची तो. लई दिसांनी आला."

आणि माझे वडील त्या बादलीशेजारी बाज ओढून, मच्छरदाणी मांडीवर घेऊन चहा प्याले. त्या पूर्ण मोसमात त्या बादलीजवळ खुशीनं बसलेला तो एकच माणूस. मी ओव्याची पुरचुंडी बाजूला ठेवून तो वास नीट घेऊन बघितला. गोठा आला, आईच्या हातातला खराटा आला, ओलं शेण आलं. मग मात्र मी आत जाऊन तोंड धुऊन आले.

"कसं काय येणं केलं?" हे विचारत होते.

"शीतलनं धाडलं," अण्णा म्हणाले. "म्हणली, जावयबापू घरात डासं पाळून राहिले. बावीस डबे! तिथं आक्काला अन् लेकराला ठिवायचं काय? आजच्या आज घेऊन या. न्हाई आणलं तर तुमीबी येऊ नका म्हणली."

"पाळले नाहीत हो, मारतोय!" हे कळवळून म्हणाले.

"तेच ते," अण्णा म्हणाले आणि बशीतला चहा संपवला.

शीतलला सांगितलं कुणी? मी सासूबाईंकडं बघितलं. त्या बाजेखालून माझी पिशवी ओढत होत्या. भरलेली, वर गाठ मारलेली.

"ही कधी भरली?"

"तुझा बाप यष्टीत बसला तवाच."

मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, 'लेकीला कामून न्हाई नेत?' असं इचारलं तर त्यांचाबी मान जातो, आपलाबी जातो. घरात डासं झालीत म्हणून सांगितलं, तर माणूस धावत येतं." हे गल्लीभर बावीस डबे लावून बसले होते, सासूबाईंनी एकच लावला होता, तोही फोनवरून.

निघायच्या आधी चाचींनी दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घातल्या. पैसे घेईनात. "पैला नंबर लाके आ," म्हणाल्या. आता लातूरची बाई आणखी काय आशीर्वाद देणार? स्टँडवर गाडीत बसल्यावर मला ह्यांची दया आली. नवरा खिडकीशी उभा, डोळे भरलेले. म्हटलं, जाता जाता पाप धुऊन टाकावं. मी फिनेलचं सांगितलं.

ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. "चार आठवड्यांची नोंद गेली!" एवढंच पुटपुटले. गाडी हलली. आता 'जप हं' म्हणतील, 'फोन कर' म्हणतील, म्हणून मी डोकं बाहेर काढलं. हे गाडीबरोबर पळत ओरडत होते, "एक झाकण टाकायचीस की दोन? अगं, एक की दोन?" अख्खी गाडी माझ्याकडं बघायला लागली. मी बोटानं एक दाखवलं. शेजारच्या बाईनं समजूतदारपणे मान हलवली.

नांदेडला दारात शीतल भाकरतुकडा घेऊन उभी होती. ओवाळला, टाकला, पायावर पाणी घातलं. माझ्याकडं बघितलं नाही. मी उंबरा ओलांडला आणि जागच्या जागी थबकले. घरात भाजलेल्या ओव्याचा वास होता, बाळंतशेपांचा, तुपात फुललेल्या डिंकाचा. फळीवर डबे ओळीनं. आई असती तर जसे लागले असते, तसेच.

"हे कधी केलं गं?"

"पाचव्या महिन्यापासून करून राहिले," शीतल म्हणाली. "न्हाई आल्या असत्या तर पार्सल करणार होते."

"आणि मला बोलवायला काय झालं होतं?"

ती शेगडीकडं तोंड करून म्हणाली, "तुम्ही मोठ्या. अन् माझ्या हातचं तुम्हाला चालत न्हाई."

मग तिनं ताट वाढलं. भाकरी, कांदा, वाटीत येसराची आमटी. मुद्दाम केली होती, हे कुणीही सांगितलं असतं. पळी हातात धरून ती माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "आईसारखी न्हाई झाली बघा, आक्का."

मी भुरका मारला.

"न्हाईच झाली," मी म्हटलं. "आईची आई घेऊन गेली. ही तुझी हाय. वाढ आणखी."

तिनं वाढली. मग आम्ही दोघी जेवणाच्या ताटावर बसून मनसोक्त रडलो. चार वर्षांची ऋचा दारात उभी राहून बघत होती. अण्णांनी तिला बाहेर नेलं आणि सांगितलं, मिरची तिखट हाय. कार्तिकात माझी लेक झाली, शीतलच्या हातात. गुलाबी मच्छरदाणी पुढं तीन लेकरांना पुरली, आता चाचींच्या नातीकडं आहे.

ह्यांचा तो प्रयोग पुढं कुठं छापून आला नाही. गल्लीतले डास मात्र खरंच कमी झाले. दारावर आकडा लिहायचं ह्यांनी बंद केलं, तरी शुक्रवारी चाची अजून विचारतात, "सर, कित्ते पडे?" आमच्या डब्यात आता मी काही टाकत नाही. पडतात चाळीस-पन्नास. सासूबाई खूश असतात.

तर आज दुपारी ऋचाला जेवायला वाढलं. पोरगी आल्यापासून नीट खात नाही. सकाळी क्लास, दुपारी क्लास, मधे डोळे मोठे करून भिंतीकडं बघत बसते. विचारलं तर म्हणते, काही नाही. म्हणून मी येसराची आमटी केली. शीतलनंच दळून दिलेलं येसर, शीतलनं सांगितल्याबरहुकूम, थेंबाचा फरक नाही. ऋचानं एक भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली.

"आत्या," ती ताटाकडं बघत म्हणाली, "हे काही मम्मीच्या हातचं नाही."

पळी माझ्या हातात तशीच राहिली. बाजेवर सासूबाई माळ ओढत होत्या, त्यांचीही माळ थांबली.

"न्हाईच बाई," मी म्हटलं. तिच्या वाटीत आणखी एक पळी ओतली, हात धुतले आणि फोन घेतला.

"शीतल, बरी हाईस का? न्हाई, तसं काही न्हाई. पोरगी बरी हाय. इकडं डासं लई झालीत गं."

पलीकडं शेगडी बंद केल्याचा आवाज आला.

"आक्का," शीतल म्हणाली, "सकाळच्या गाडीनं निघते."